कटला मासा आणि आपले शेततळे



चिखली भागात उन्हाळ्यात पाण्याची ओढ ठरलेली. ऊस जगावा म्हणून आपल्यापैकी अनेकांनी शेततळी केली. त्याच पाण्यात कटला मासा वाढविता येतो, त्याची माहिती देत आहोत.

कटला ओळखावा तो मोठ्या डोक्यावरून व वर वळलेल्या तोंडावरून. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगल तळाशी. तिघांचे ताट वेगळे, म्हणून तिघांना एकत्र सोडतात.

कटल्यासारखाच मोठ्या डोक्याचा एक मासा कंबोडिया-थायलंडच्या मेकाँग नदीत आहे. 'कॅटलोकार्पियो' हे त्याचे शास्त्रीय नाव कटल्यावरूनच पडले. माणसापेक्षाही लांब वाढणारा हा मासा २००५ पासून कंबोडियाचा राष्ट्रीय मासा आहे. पण वाढ होण्याआधीच पकडला गेल्याने तो आता नामशेष होऊ घातला आहे. बेणंच खाल्लं तर पीक कुठून येणार?

कटलाही साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला पावसाळी वाहती नदी लागते. ही अडचण डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात सोडविली. माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी कार्प माशांचे प्रजनन घडविले. म्हणून बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे, नदीतली पिल्ले धरू नयेत.

३० बाय ३० मीटरचे तळे म्हणजे ९ आर. हेक्टरी ५,००० या हिशेबाने त्यात ४५० बोटुकली पुरे : कटला १८०, रोहू १३५, मृगल १३५. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग द्यावा. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये.

खरी गोम पाण्याची आहे. एका सभासदास आम्हीच मासे सोडायला सांगितले, पण उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेब विचारला नाही. एप्रिलमध्ये उसासाठी उपसा झाला आणि उरलेल्या गुडघाभर पाण्यात मासे मेले. चूक आमची होती. सबब, निदान दीड मीटर पाणी आठ-दहा महिने टिकणार असेल तरच बीज सोडावे. पहाटे मासे तोंड वर काढू लागले तर खाद्य बंद करून ताजे पाणी सोडावे.

आधी पाणी मोजा, मग बोटुकली मोजा. शंका असल्यास गट ऑफिसात जरूर भेटावे.

— ऊस विकास अधिकारी