असईचं म्हणून विकलेलं पिस्तूल

जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने माझ्या मामेभावाला ठासणीचं चकमकीचं पिस्तूल दाखवलं. असईच्या रणात शिंद्यांच्या स्वाराने इंग्रजाकडून हिसकावलेलं, असं सांगितलं. भावाने इसार दिला आणि मग मला बोलावलं.

पिस्तूल हातात आलं की आधी बार भरलेला आहे का ते बघावं. शंभर-दीडशे वर्षं ठासून राहिलेली दारूही पेट घेऊ शकते. नळीत लाकडी काडी तळापर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काडी नळीच्या बाहेरून धरायची. टोक रंजकाच्या भोकाच्या बरंच अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. पुढचं काम जाणकाराचं.

हे रिकामं होतं. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर विजेरीचा उजेड तिरका पाडला. झिजलेल्या रेषांतून मागच्या पायांवर उभा सिंह उमटला, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. खूण ईस्ट इंडिया कंपनीचीच, पण कंपनीने ती 1808च्या सुमारास घेतली. त्याआधी पत्त्यांतल्या बदामासारखा, आत अक्षरं असलेला शिक्का असे. असईची लढाई 23 सप्टेंबर 1803ची. म्हणजे पिस्तूल अस्सल, पण असईचं नव्हे. आणि भाव लावला होता तो असईचा. भावाने सौदा मोडला.

पट्टीवरच्या नावावर कधीच विसंबू नये. मुकुट आणि ‘टॉवर’ ही अक्षरं नकला करणाऱ्यांनी मनसोक्त ठोकली आहेत. वायव्य सरहद्दीकडच्या नकलांत तर इंग्रजी अक्षरं उलटी पडलेली सापडतात. जॉर्ज राजाच्या खुणेशेजारी, समजा, 1794 कोरलेलं दिसलं तर सावध व्हा. ब्रिटिश सरकारी शस्त्रांच्या पट्टीवर वर्ष घालण्याची पद्धत 1764मध्ये बंद झाली होती, ती परतली व्हिक्टोरिया राणीच्या काळात. खरी साक्ष बहुधा नळीवर आणि तिच्या खालच्या अंगाला असते. बार उडवून नळी तपासल्याचे शिक्के तिथे मारलेले असतात. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरं असली तर नळी बेल्जियममधल्या लिएजमध्ये तपासलेली, आणि वर मुकुट असेल तर 1893 नंतरची. बर्मिंगहॅमचं तपासणीघर 1813 सालचं. तिथला शिक्का पेशवाईच्या ऐन भरातल्या वस्तूवर असूच शकत नाही.

हे सगळं वाचता येण्यासाठी गंज तसाच राहू द्या. सँडपेपर, लिंबू, चिंच काही लावू नका. एकदा घासलेला शिक्का परत येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण चांगल्या घरांतली शस्त्रं चकचकीत करण्याच्या हौसेपायी मुकी झालेली पाहिली आहेत.

पैसे देण्याआधी कायदा विचारून घ्या. 1959च्या शस्त्र कायद्यातली सूट जुन्या घडणीच्या, दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या शस्त्रालाच लागू पडते. निव्वळ जुनं असणं पुरत नाही. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला 1972चा पुरावस्तू कायदा लागतो आणि ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. विक्रेता कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर इसारसुद्धा देऊ नका.