चाक का तापते?

सपाट रस्त्याने पाच-सात किलोमीटर चालवून मोटार घरी आणली, वाटेत ब्रेक फारसा लावावा लागला नाही आणि तरीही उतरताना एका चाकापाशी करपल्यासारखा वास आला, तर चालकाने त्याकडे दुर्लक्ष करू नये. त्या चाकाचा ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नसावा, असा संशय घेण्यास जागा आहे.

ब्रेक तापणे हा मुळात दोष नव्हे. ब्रेक लावणे म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे होय. १००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगातून एकदा थांबते, तेव्हा सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळीला येईल. म्हणूनच बोरघाट उतरून आलेल्या मोटारीची चारही चाके तापलेली असली, तर त्यात नवल नाही. ब्रेक न लावताही चाक तापत असेल, तेव्हा मात्र शोध घ्यावा लागतो.

बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाते. डिस्क ब्रेकमध्ये त्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या बिडाच्या तबकडीला चिमटीत धरतात. पाय काढल्यावर या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग मात्र नसते. त्याच्याभोवतीचे रबरी कडे दाबाखाली किंचित पिळलेले असते. ते पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. एवढ्याशा हालचालीवर सारे अवलंबून असल्यामुळे पिस्टनवर थोडासा गंज चढला तरी पॅड तबकडीला घासत राहतात. ड्रम ब्रेकमधील शू मात्र स्प्रिंगांनी मागे ओढले जातात. तेथे कमकुवत स्प्रिंग किंवा अडकलेली हँडब्रेकची केबल त्रास देते.

घरच्या तपासणीचा आरंभ गाडी न उचलता करता येतो. ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढते का, न्यूट्रलमध्ये हलक्या उतारावरही अडते का, एकाच चाकावर काळी भुकटी अधिक साठते का, हे पाहावे. थोडे अंतर चालवून आणल्यावर प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हाताची पाठ धरून उष्णतेचा अंदाज घ्यावा. तुलना डाव्या चाकाची उजव्याशी करावी, पुढच्याची मागच्याशी नव्हे. कारण थांबताना गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे ब्रेक एरवीही अधिक तापतात. तापलेल्या चाकावर पाणी ओतण्याचा मोह टाळावा. एकाएकी थंड झालेले बीड वाकते, क्वचित तडकते.

त्यानंतर संशयित चाक निवू देऊन उचलावे. जागा सपाट असावी, दुसऱ्या टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि मागचे चाक असल्यास हँडब्रेक सोडून, पेडल दोन-तीन वेळा दाबून सोडावे व चाक हाताने फिरवावे. डिस्कच्या चाकात पॅडची अगदी हलकी घासण स्वाभाविक आहे. चाक हलते व घरघरते, पण अडत नाही, असे आढळले तर दोष बेअरिंगचा असू शकतो, तेही तापते.

चाक अडलेलेच असेल, तर प्रश्न एवढाच उरतो: त्याला धरून ठेवले आहे ते दाबाने की गंजाने? याचे उत्तर कॅलिपरवरील ब्लीडर निपल देते. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे, डोळ्यांवर चष्मा घालावा आणि निपल पाव फेरा सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर आत दाब कोंडला होता. काहीच फरक पडला नाही, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत, असे समजावे. दाब एकाच चाकात कोंडत असेल, तर बहुधा रबरी होज पाइप आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल आत जाते, पण परतू शकत नाही. एकाहून अधिक चाके धरत असतील, तर पेडलला मोकळी चाल उरली आहे का, हे प्रथम पाहावे. ती नसल्यास मास्टर सिलिंडरची परतीची वाट बंद राहते.

निपल लगेच घट्ट करावे आणि टाकीतील ऑइलची पातळी पाहावी. पेडल मऊ लागले, तर नळीत हवा शिरली आहे. ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. पाइप वा सिलिंडर बदलणे जाणत्या मेकॅनिकवर सोपवावे. विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या मोटारींचे मागचे ब्रेक तर घरी उघडूच नयेत.

‘ब्रेक ऑइल’ हे नाव थोडे फसवे आहे, कारण ते नेहमीचे तेल नव्हे. ‘डॉट ४’ प्रतीचे नवे द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; पण ते हवेतील ओलावा शोषते आणि पुरेसा ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. धरलेल्या ब्रेकच्या उष्णतेने ते उकळले, तर नळीत वाफ होते आणि ऐन वेळी पेडल तळाला जाते. टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतले, तर रबरी भाग फुगतात आणि सारेच ब्रेक धरू लागतात.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून बरेच दिवस उभी ठेवलेली मोटार पुष्कळदा जागची हलत नाही. ओलाव्याने शू ड्रमला चिकटलेले असतात. जोर लावून ती ओढल्यास लायनर उखडू शकते. अशा दिवसांत गाडी सपाट जागी, गिअरमध्ये टाकून व चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक न ओढता उभी करावी.

स्वाध्याय
१. डाव्या चाकाची तुलना उजव्याशीच का करावी?
२. निपल सैल करूनही चाक सुटले नाही, तर कोणते भाग तपासावेत?
३. घाट उतरताना पेडल तळाला जाण्याचे एक कारण आपल्या शब्दांत लिहा.