'मदर २'चा अंतिम टप्पा : निवेदन आणि खेळणारा

व्हिडिओ गेमला संहिता मानून तिचा साहित्यदृष्ट्या विचार करावा काय, या प्रश्नाशी मराठीचा अभ्यासक अजूनही काहीसा अवघडून उभा राहतो. सिद्धान्ताच्या पातळीवर त्याचा निकाल लावण्यापेक्षा एका विशिष्ट संहितेचा शेवट तपासणे अधिक फलदायी ठरेल.

'मदर २ : गीगचा प्रतिहल्ला' हा खेळ २७ ऑगस्ट १९९४ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रासाठी प्रसिद्ध झाला, १९९५ मध्ये तो 'अर्थबाउंड' या नावाने अमेरिकेत गेला. त्याचे कर्ते शिगेसातो इतोई हे मूळचे जाहिरातींचे मजकूर लिहिणारे. त्यांचा नायक नेस बेसबॉलच्या बॅटने लढतो आणि आईला बरेच दिवस दूरध्वनी केला नाही, तर घरच्या आठवणीने लढाईतच हतबल होतो. अशा विक्षिप्त, खेळकर संहितेचा शेवट मात्र विलक्षण गंभीर आहे.

शत्रू भूतकाळात दडलेला आहे आणि तेथवरचा प्रवास सजीव देहाला सोसणारा नाही. म्हणून नेस, पॉला, जेफ आणि पू या चौघांचे आत्मे यंत्रमानवांच्या शरीरांत घातले जातात. परतीची शाश्वती कोणीही देत नाही. गुहेच्या टोकाशी गीगला कोंडून धरणारे यंत्र असते आणि त्यावर नेसचाच चेहरा उमटतो. शेजारचा मुलगा पोर्की ते यंत्र बंद करतो आणि गीग निराकार होतो. १९८९ च्या पहिल्या 'मदर'मध्ये गीगचा पराभव अंगाईगीताने झाला होता. येथे गाणे ऐकणारा 'कोणी' उरलेलाच नाही.

आता मिळविलेली शस्त्रे व शक्ती निर्णायक ठरत नाहीत. उपयोगी पडते ती पॉलाची 'प्रार्थना' ही आज्ञा. ही योजना नीट पाहावयास हवी. खेळभर ही आज्ञा बेभरवशाची असते. ती कधी जखमा भरून काढते, तर कधी आपल्याच सोबत्यांना झोपविते. त्यामुळे बहुतेक खेळणारे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. शेवटी तीच साद वाटेत भेटलेल्या माणसांपर्यंत पोहोचते : वादकांचा जथा, पॉलाचे आईवडील, नेसची आई. गौण पात्रे कथानकात कशासाठी होती, याचा उलगडा येथे होतो. आठवी प्रार्थना अंधारात विरून जाते. कथेतली माणसे संपली!

त्यानंतरची साद खेळणाऱ्यालाच जाते, त्याच्या खऱ्या नावाने. हे नाव बरेच आधी जेफचा शाळासोबती टोनी दूरध्वनीवर, अगदी निरुपद्रवी बहाण्याने, विचारून घेतो. आपल्या पोथ्यांतील फलश्रुतीही श्रोत्याला संबोधिते. परंतु तो श्रोता 'जो कोणी' असतो आणि त्याच्यावाचून कथा अडत नाही. येथे ती अडलेली आहे.

यावर एक आक्षेप संभवतो व तो मला वजनदार वाटतो. खेळणारा केवळ कळ दाबतो. 'अमुक व्यक्तीने या मुलांसाठी प्रार्थना केली' असे निवेदक परस्पर जाहीर करतो. ही सहभागाची बतावणी नव्हे काय? ज्याने खेळ यांत्रिकपणे पुरा केला, त्याच्यापुरती ती बतावणीच राहील. परंतु ज्याने या मुलांना उपाशी, आजारी, घरासाठी व्याकूळ पाहिले आहे, त्याची काळजी त्या क्षणापूर्वीच अस्तित्वात असते. निवेदक ती निर्माण करीत नाही, तिच्यापुढे नाव लिहितो. कादंबरीतील निवेदक वाचकाविषयी असे विधान करील, तर तो आगाऊपणा वाटेल; येथे ते पटते, कारण नेसचे प्रत्येक पाऊल खेळणाऱ्यानेच टाकविलेले असते.

विजयानंतर खेळ लगेच संपत नाही, हेही या घाटाचेच अंग होय. आत्मे आपापल्या देहांत परततात, रस्त्यांवरचे शत्रू नाहीसे होतात, पू आणि जेफ निरोप घेतात. उरते ते पॉलाला तिच्या घरी पोहोचविणे आणि आईकडे परतणे. त्याला कसलीही कालमर्यादा नाही. वाटेल त्या गावी जावे, वाटेल त्याच्याशी बोलावे. जवळजवळ प्रत्येकाकडे नवे बोलणे असते. घाई करून थेट घर गाठणाऱ्याला हा भाग दिसतच नाही.