नामाच्या आधी की नामाच्या नंतर?

सुट्टीत देवगाव फाट्याला घरी गेलो की शेजारपाजारची पाचसहा मुले वह्या घेऊन आमच्या ओसरीवर जमतात. कला शाखेत इंग्रजी विषय घेतला म्हणजे सारे इंग्रजी आलेच, अशी गावाची भाबडी समजूत! गेल्या दिवाळीत सहावीतल्या एका मुलीने वही पुढे केली. 'मी त्याच्याबरोबर गेले' या वाक्याचे तिने 'आय वेन्ट विथ ही' असे भाषांतर केले होते. 'ही'वर लाल फुली आणि शेजारी 'हिम'. तिने विचारले, "दादा, 'ही' म्हणजे तोच ना? मग चुकलं कुठं?"

"प्रिपोझिशननंतर 'हिम'च येते, तसा नियमच आहे," मी म्हणालो. तिने मान डोलावली. पण पटले नव्हते हे दिसत होते. खरे सांगायचे तर मीही तो नियम पाठच केला होता. 'का' असे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

रात्री विचार करता करता ध्यानात आले, की उत्तर तिच्या स्वतःच्याच वाक्यात होते. दुसऱ्या दिवशी मी मुलांना म्हणालो, "मी तोबरोबर गेलो." सगळी खो खो हसली. 'तोबरोबर' कसे म्हणतील? 'त्याच्याबरोबर'! म्हणजे 'बरोबर' हे शब्दयोगी अव्यय लागताना 'तो' जसाच्या तसा राहत नाही, हे त्यांना कोणी न शिकवताच येत होते. 'ही' म्हणजे तो. 'हिम' म्हणजे अव्यय पेलण्यासाठी त्याने घेतलेले रूप. आपले व्याकरण यालाच सामान्यरूप म्हणते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. इंग्रजीवरून मराठी समजून घेण्याची वाट अशी जुनीच आहे; मराठीवरून इंग्रजी समजून घेण्याची वाट मात्र वर्गात फारशी मळलेली दिसत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, पूर्वी पाचवीपासून शिकवीत. आरंभ चार वर्षे अलीकडे आला, पण फुली तीच राहिली.

दोन भाषांत फरक आहे तो जागेचा आणि बदलाचा. आपले अव्यय नामाच्या पाठीला चिकटते, इंग्रजीतले नामापुढे सुटे उभे राहते. आपल्याकडे बहुतेक नामे बदलतात : घोडा, घोड्यावर, फाटा, फाट्यावर. इंग्रजी नाम मात्र जागचे हलत नाही. रोज लागणाऱ्या सर्वनामांपैकी मोजून सहा बदलतात : आय, ही, शी, वुई, दे आणि हू. ही सहा रूपे आली की प्रिपोझिशनच्या कर्माचा अर्धा धडा संपला!

उरलेला अर्धा अवघड, आणि तो आम्ही फाट्यावरच शिकलो. 'ॲट देवगाव फाटा', 'ऑन द सेलू रोड', 'इन परभणी डिस्ट्रिक्ट'. फाटा हा ठिपका, रस्ता ही रेघ, जिल्हा हे कुंपण. खडूने ओसरीवर तिन्ही काढून दाखविले. मराठी पोर 'ऑन देवगाव फाटा' लिहिते ते अज्ञानाने नव्हे. आपण 'फाट्यावर' आणि 'रस्त्यावर' दोन्हींकडे 'वर'च वापरतो. वेळेलाही तेच चित्र चालते : 'ॲट फाइव्ह', 'ऑन मंडे', 'इन जून'. मात्र 'इन द मॉर्निंग' असताना 'ॲट नाइट' का, याला माझ्याजवळ ठिपका नाही नि रेघ नाही. ते पाठ करा, असे सरळ सांगून टाकले.

सर्वांत फसवा आपला 'ला'. 'मी त्याला विचारले' याचे 'आय आस्क्ड टू हिम' होते, कारण 'ला' दिसला की मुले 'टू' ठेवून मोकळी होतात. इथे 'हिम' हे थेट क्रियापदाचे कर्म आहे, मध्यस्थ नको. 'तिच्याशी लग्न केले' यातल्या 'शी'मुळे 'मॅरीड विथ हर' होते, तेही असेच. उलट 'माझे ऐक' यात आपल्याला अव्यय दिसत नाही, म्हणून 'लिसन मी' होते. तिथे मात्र 'टू' हवाच. एकट्या 'ने'चेही दोन वाटे : एस.टी.ने 'बाय बस', पेनाने 'विथ अ पेन'.

क्रियापदाच्या बाबतीत मराठीच पुन्हा हात देते. 'जेवणे'चे 'जेवण्यापूर्वी' होते. क्रियापद आधी नाम बनते, मगच अव्यय घेते. इंग्रजीतही 'बिफोर ईट' नाही, 'बिफोर ईटिंग'. हे मुलांना एका दमात कळले.

निघायच्या आदल्या दिवशी मी 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' हे वाक्य लिहिले आणि 'ॲट'चे कर्म कोणते ते विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग तीच मुलगी पुढे आली. तिने 'व्हॉट'खाली रेघ ओढली, खाली 'कशाकडे' असे लिहिले आणि म्हणाली, "दादा, इथं तर त्यांचंही मागंच आलं की!"