आधी नियम, मग बाहुल्या

प्रश्न : आम्ही चौघे मित्र अंतराळातला रोलप्लेइंग गेम सुरू करतोय. नियम कोणते घ्यावेत? मिनिएचर्स किती मापाची?

उत्तर : मिनिएचर्स आधी घेतलीत तर खिसा रिकामा आणि खेळ कपाटात! ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) घ्या. दोन साधे फासे, बेरीज ८ किंवा जास्त आली की जमलं. मूळ आवृत्तीत तर पात्र घडवतानाच मरू शकायचं. मला ती गंमत अजून आवडते. पैसे घालायचे नसतील तर ‘स्टार्स विदाउट नंबर’ची मोफत आवृत्ती पुरते.

मापात मी १५ मिमीच्या बाजूचा. २८ मिमीची रंगवायला देखणी, पण त्या मापात जहाजाचा आराखडा मांडला की जेवणाचं टेबल अपुरं पडतं. १५ मिमीत दीड मीटरचा चौकोन दीड सेंटिमीटरमध्ये बसतो. पहिल्या दोन बैठकांना शर्टाची बटणंही चालतील.