सणांचे कॅलेंडर आणि भेटींचा हिशेब

मंडळी, जानेवारीत तिळगुळाच्या सुमारास क्रेडिट कार्डाचे बिल हातात पडते आणि घरात थोडा वेळ शांतता पसरते. आमच्या घरी हे सलग तीन वर्षे घडले. "एवढं घेतलं तरी काय?" हा प्रश्न आम्ही दोघांनीही विचारला आणि उत्तर कोणाकडेच नव्हते. पण मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. ऑफिसातल्या सगळ्यांच्या भेटी वेळेवर पोचल्या होत्या आणि पुण्याच्या बहिणीची ओवाळणी मात्र डिसेंबरपर्यंत राहून गेली होती. फोनवर ती एवढेच म्हणाली, "असू दे रे दादा, तू कामात असशील."

त्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. लक्षात आले की भेटींचा खर्च अचानक येत नाही. दिवाळी आणि ख्रिसमस कधी येणार, वर्गातल्या मुलांचे वाढदिवस साधारण किती, हे आपल्याला वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असते. अचानक येतो तो गाडीच्या दुरुस्तीचा खर्च! मग जे माहीत आहे त्याची तरतूद का करू नये?

वर्षाचा तक्ता

आमच्या चौघांच्या कुटुंबाचा तक्ता असा निघाला (आकडे डॉलरमध्ये):

संक्रांतीचे हळदीकुंकू, ३२ जणींना प्रत्येकी ३ चे वाण : ९६
मुलांच्या मित्रांचे वाढदिवस, १६ गुणिले २५ : ४००
मे-जूनमधील ग्रॅज्युएशन, ५१ ची चार पाकिटे : २०४
शिक्षकांना मे व डिसेंबरमध्ये मिळून : १००
राखी आणि भाऊबीज : ३००
दिवाळी, पाडवा आणि घरातली खरेदी : २५०
ख्रिसमस, ऑफिस व शेजारी : २५०
लग्न, मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण : २००
एकूण : १८००

प्रत्येकाचे आकडे वेगळे असणार. पण तक्ता मांडल्यावरच कळले की बहीण-भावंडांपेक्षा मुलांच्या वर्गमित्रांवर आमचे जास्त पैसे जातात. आता वाढदिवसाची पुस्तके आणि खेळ आम्ही सेलमध्ये एकदम घेऊन कपाटात ठेवतो.

अधिक महिन्याचा झटका

आपल्या तक्त्यात एक अडचण आहे, ती आपल्या अमेरिकन शेजाऱ्यांना नाही. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते, म्हणून आपले सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात. ही तूट भरून काढायला अंदाजे ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो आणि पुढचे सण एकदम १८-१९ दिवस पुढे जातात.

२०२६ चे उदाहरण घेऊ. या वर्षी अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. धोंड्याचा महिना म्हटला की जावयाचे वाण आले! तेहतीस अनारसे आणि वर जमेल ती चांदीची वस्तू. हा खर्च नेमका ग्रॅज्युएशनच्या पाकिटांबरोबर येतो आणि वरच्या नेहमीच्या तक्त्यात तो धरलेलाच नाही. त्यानंतर राखी २८ ऑगस्टला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ नोव्हेंबरला. थँक्सगिव्हिंग २६ तारखेला. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. तेव्हा तिच्यापासून ख्रिसमसला ६३ दिवस होते. २०२६ मध्ये उरतात ४४. म्हणजे दिवाळीचे बिल फेडून होण्याआधीच ख्रिसमसची खरेदी सुरू होते. म्हणून जानेवारीत नवे कॅलेंडर भिंतीवर लावताना आधी अधिक महिना आहे का ते पाहावे. (या तारखा भारतातल्या आहेत. तिथी इथल्या घड्याळाप्रमाणे कधी कधी एक दिवस आधी येते.)

उधारीची किंमत

समजा १८०० डॉलर कार्डावर तसेच राहिले आणि व्याजाचा दर वर्षाला २४ टक्के, म्हणजे महिन्याला २ टक्के आहे. दरमहा १०० डॉलर भरले तर कर्ज फिटायला जवळजवळ २३ महिने लागतात आणि व्याज सुमारे ४५० डॉलर होते. राखी-भाऊबीजेच्या दीडपट! मधल्या काळात आणखी दोन दिवाळ्या येऊन जातात, त्यांचे वेगळेच.

याउलट दरमहा १५० डॉलर वेगळ्या बचत खात्यात टाकले तर बारा महिन्यांत तेच १८०० जमतात. पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी ही रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय बँकेत करून घ्यावी. कार्ड जरूर वापरावे, पण त्याचे बिल या खात्यातून पूर्ण भरावे. अधिक महिन्याच्या वर्षी १०-१५ डॉलर जास्त टाकावेत.

भारतात भेट पाठवताना

१. पैसे बँकेच्या खात्यातूनच पाठवावेत. १ जानेवारी २०२६ पासून रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन परदेशी पैसे पाठवले तर १ टक्का कर लागतो. अमेरिकन बँकेतील खात्यातून किंवा इथल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवल्यास तो लागत नाही.

२. पार्सल शक्यतो टाळावे. डिसेंबर २०१९ पासून भारतात टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंना, राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून, सीमाशुल्काची सवलत नाही. आपण हौसेने घड्याळ पाठवायचे आणि बहिणीने दारात त्याचे शुल्क भरायचे, ही कसली ओवाळणी? त्यापेक्षा तिथल्याच दुकानातून घरपोच मागवावे.

३. सख्ख्या भावाने दिलेल्या भेटीवर बहिणीला भारतात आयकर नाही. मामेबहीण किंवा चुलतबहीण मात्र आयकराच्या व्याख्येत 'नातेवाईक' नाही. अशा बाहेरच्यांकडून वर्षात मिळालेल्या एकूण भेटी ५०,००० रुपयांवर गेल्या तर त्या करपात्र ठरतात.

इथल्या पोस्टमनबद्दलही एक सूचना. त्याला रोख रक्कम घेता येत नाही. एका वेळी २० डॉलरपर्यंतची वस्तू चालते, आणि एका घराकडून वर्षात ५० पेक्षा जास्त नको. थोडे लाडू-चकल्या दिल्या तरी तो खूश होतो, असा आमचा अनुभव आहे.

शेवटचे

तक्त्यात पैशांबरोबर तारीखही लिहावी, आणि तीही सणाची नव्हे तर पैसे पाठवण्याची. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भाऊबीजेच्या दहा दिवस आधी लाल शाईने "ताईचे पैसे" असे लिहिलेले असते. (मुले आत्याला ताईच म्हणतात.) गेल्या दोन भाऊबीजांना ओवाळणी वेळेवर पोचली. रक्कम पूर्वीपेक्षा थोडी कमीच होती. तिने फोनवर रकमेचा विषयही काढला नाही. मुलांना बोलवा, म्हणाली, आणि अर्धा तास बोलत बसली.

आपल्याकडे याहून सोपी पद्धत असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर सांगावी.