खुडलेल्या फुलाचे उरलेले आयुष्य

फूल झाडावरून खुडले म्हणजे त्याचे जीवन संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. खुडलेले फूल श्वसन करीत असते, पाकळ्यांतून पाण्याची वाफ बाहेर टाकीत असते; मोगऱ्याची कळी तर टोपलीतही उमलते. तुटलेला असतो तो झाडाकडून येणारा पुरवठा. जमा थांबली, खर्च मात्र चालू राहिला, अशी त्याची स्थिती असते. म्हणून फूल टिकवावयाचे तर त्याचा खर्च कमी केला पाहिजे, आणि साधल्यास थोडी जमाही करून दिली पाहिजे.

खर्च वाढविणारी पहिली गोष्ट उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. गुलाब दोन ते चार अंश सेल्सियसमध्ये साठवितात ते याचमुळे. मात्र अँथुरियमसारखी उष्ण प्रदेशातील फुले इतक्या थंडीत काळवंडतात. दुसरी गोष्ट हवेचा कोरडेपणा. आमची मातृभाषा कोकणी. गोव्याच्या दमट हवेत सकाळी माळलेला अबोलीचा वळेसर सायंकाळीही टवटवीत दिसतो. इकडे धारजवळच्या तिरल्यात वैशाखातील लू वाहू लागली की नाजूक फूल दुपारपूर्वीच मान टाकते. परंतु ज्या कोरडेपणाने फूल सुकते, त्याच कोरडेपणाने माठातील पाणी गार होते! पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि हवा जितकी कोरडी तितकी ही क्रिया झपाट्याने होते. तिरल्याच्या घरात फ्रीज नसला, तरी ओल्या गोणपाटाने वेढलेली टोपली सावलीत वाऱ्यावर ठेवली तर आतील फुलांना बराच गारवा मिळतो. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून, विजेवाचून चालणारा जो शीतकक्ष तयार केला, तो याच तत्त्वावर. श्रावणात मात्र माळव्यातही हा उपाय दुबळा पडतो. कोकणात तर तो बहुतेक वर्षभर दुबळाच.

फुलदाणीतील फुलांची व्यथा निराळी. देठ हवेत कापला की त्याच्या सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. यासाठी देठाचे टोक पाण्यात बुडवून, धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरपे कापावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की जंतू वाढतात आणि नळ्या तुंबतात. पाणी रोज बदलावे. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर घातल्यास फुलाला अन्न मिळते, परंतु साखर जंतूंनाही तितकीच प्रिय असल्याने सोबत थोडा लिंबाचा रस पिळावा. फुलदाणीत नाणे टाका, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. तो उपाय तांब्याच्या पैशाचा. आजच्या पोलादी रुपयाने पाण्याचे काय व्हावयाचे?

हे सारे देठाच्या फुलांचे शास्त्र झाले. आपल्या घरी देवाला आणि वेणीला येतात ती मोगरा, झेंडू, अबोली ही फुले बहुधा देठाविना खुडलेली. त्यांना पाणी पाजता येत नाही. असलेले पाणी राखणे एवढेच हाती उरते. मोगऱ्याच्या कळ्या भल्या पहाटे खुडाव्यात, ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात सैल गुंडाळाव्यात. पाण्याने चिंब केल्यास पाकळ्या तपकिरी पडतात. प्लॅस्टिकच्या घट्ट बांधलेल्या पिशवीत तर फुले स्वतःच्याच उष्णतेने उबून जातात.

केळीचे पान फुलाला राखते, पण पिकलेले केळे त्याचा घात करते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने अनेक फुले अकाली कोमेजतात. शिकागोच्या काचगृहांत कार्नेशनची फुले एकाएकी मिटू लागली, तेव्हा क्रॉकर व नाइट या संशोधकांनी १९०८ साली शोध घेतला. दोष दिव्यांसाठी जाळल्या जाणाऱ्या वायूतील इथिलीनचा निघाला. पूजेच्या ताटात फळे व फुले शेजारी असावीत, हे योग्यच; आदल्या रात्री मात्र ती वेगळ्या खोल्यांत ठेवावीत.

या सर्व ज्ञानाची खरी परीक्षा वाहतुकीत होते. वसईचे बागायतदार मुंबईच्या दादर बाजारासाठी आपल्या टोपल्या पहाटेच्या लोकलने नेत आले आहेत. गाडी चुकली तर भाव चुकतो, आणि दुपारी पोचलेल्या मोगऱ्याला गिऱ्हाईक नसते. खत, पाणी, खुडणीची मजुरी हे सगळे मग त्या टोपलीबरोबर बुडते. तळेगाव दाभाड्याच्या परिसरातील हरितगृहांचा गुलाब फेब्रुवारीतील मागणीसाठी युरोपपर्यंत जातो, तो शीतगृह, शीतवाहन आणि विमान अशी थंडीची साखळी न तुटल्यामुळेच. ही साखळी फार खर्चाची असल्याने लहान शेतकऱ्याला एकट्याने ती पेलत नाही.

अमेरिकेतील फूलविक्रेत्यांनी १९१० साली याहून स्वस्त युक्ती काढली. त्यांनी संघ स्थापन केला आणि फुलांऐवजी मागणीच तारेने दुसऱ्या गावी धाडण्यास आरंभ केला. फुले त्या गावचा विक्रेता आपल्या दुकानातून पोचवी. आज तारेची जागा दूरध्वनीने घेतली आहे. मुंबईच्या मावशीला तिरल्याच्या भाचीकडे वाढदिवसाची फुले पाठवावयाची असतील, तर ती दादरला विकत घेण्याचे कारण नाही. धारच्या फूलवाल्याला आदल्या दिवशी सांगावे, आणि कळ्या पहाटेच्याच असाव्यात, एवढे मात्र बजावावे.